दोन सूर्य आणि बियाण्याच्या शेंगा

२ मे १९७८

चंद्रावरची कादंबरी आज संपली. बरी आहे. चंद्रावर कारखाना काढलाय आणि तिथली माणसं जेवत नाहीत — गोळी खातात. एक गोळी गिळली की दिवसभर पोट गच्च. शेंगा फोडताना धोंडुबाईनं विचारलं, मग तिथल्या बायका दिवसभर करतात काय? मी मागची-पुढची पानं चाळली. पुस्तकात बाईच नाही. गोळ्या कोण वळतं तेही दिलेलं नाही. लेखक पुरुष आहे आणि आयत्या ताटावर बसणारा आहे, एवढं कळलं.

चंद्रावरून पृथ्वी कशी दिसते ते मात्र मन लावून लिहिलंय. रत्नासारखी म्हणतो. मला वाटतं निळीत बुडवलेल्या ओल्या धोतरासारखी दिसत असेल. रत्न त्यानं तरी कुठं बघितलंय!

३ मे

नानासो हळद घेऊन सांगलीला गेला होता. येताना वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. एक जादूचं, एक ग्रहाचं. तिथल्या बाई त्याला म्हणाल्या म्हणे, ही पुस्तकं कुणी मागत नाही, तुमच्या आईंना चालतात तर ठेवा सावकाश.

मला चालतात. सामाजिक कादंबरी आणू नको म्हणून लेकाला बजावून ठेवलंय. त्यात जे असतं ते आमच्या गल्लीत ताजं मिळतं.

५ मे

जादूची लावली. दुपारी सोप्यात बायका बियाण्याच्या शेंगा फोडतात आणि मी खांबाला टेकून वाचते — तीन उन्हाळे हेच चाललंय. नानासो लहान असताना त्याच्या पाटीशेजारी बसून अक्षरं वेचली होती. वेचलेल्या सरपणानं सुद्धा चूल पेटते.

यात एक राजपुत्र आहे. त्याच्याकडं अंगरखा — अंगात घातला की माणूस दिसेनासा होतो. धोंडुबाई म्हणाली, "त्यात काय? मी सासरी धा वर्सं कुनाला दिसले न्हाई. अंगरखा कुठला, धड लुगडं न्हवतं."

सगळ्या हसल्या. ती नाही हसली. दाणा सुपात टाकला आणि दुसरी शेंग घेतली.

७ मे

राजपुत्राची आणि चेटक्याची लढाई. लांबलचक. संध्याकाळी नानासोनं सूप पाखडलं तर पसाभर दाणे फुटलेले. फुटका दाणा उगवत नाही. "आई, ह्ये काय झालं?" म्हणाला. मी म्हणाले, लढाई झाली.

खरंच तसं झालं. चेटक्यानं हात वर केला की बायकांच्या चिमटीत जोर येत होता. मलाही दिसत होतं, पण पान सोडवत नव्हतं. नानासोनं सांगितलं, बियाणं हातावेगळं होईपर्यंत लढाईचं पुस्तक घरात नको. गोष्ट मऊ पाहिजे.

कादंबरी वाईट नाही. शेंगांना चालत नाही, इतकंच.

८ मे

चेटक्या मरतो. एकटीनंच वाचून बघितलं. मरायलाच पाहिजे होता.

९ मे

शेजारच्या लालासाहेबाची अंजना आज पहिल्यांदा फोडायला आली. शिमग्यानंतर माहेरी आलीय, अजून बाहेर पडत नव्हती. तिला दिलीय जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. नवरा सिद्धू पलटणीत, वर्षातून एकदा रजेवर. घरात सासू-सासरे आणि ही. पाणी लांबच्या विहिरीवरून. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. माघात पाचवा महिना चालू होता तिला. पाण्याच्या वाटेवरच पोटातलं गेलं. डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षभर ओझं उचलायचं नाही. तिथं राहून ओझं उचलायचं नाही म्हणजे चुलीपुढं बसून धूर गिळायचा नाही!

सासू मारते का, असं धोंडुबाईनं सरळच विचारलं. अंजना म्हणाली, "न्हाई. आत्याबाई बोलत सुदीक न्हाईत. नुस्त्या पुढं चालत्यात, घागरी घिऊन. आपुन मागनं चालायचं."

पोरीचा हात हलका आहे. दिवसभरात एक दाणा फुटला नाही.

१० मे

ग्रहाचं पुस्तक लावलं. मुलूख असा की दोन सूर्य आहेत. एक मावळला की दुसरा वर. सावली म्हणून नाही. पृथ्वीवरची एक बाई तिथं यानातून काही कामाला जाते आणि यान मोडतं. आता तिकडंच.

धोंडुबाई म्हणाली, "म्हंजी लगीनच की ह्ये."

मी म्हणाले, लग्न नाही, विज्ञान आहे. ती म्हणाली, हवा येगळी, पानी येगळं, माणसं वळखीची न्हाईत, परतीची गाडी न्हाई — आनि काय असतंय मग लगीन?

मी पुढं वाचलं. लेखकाच्या मनात काय होतं ठाऊक नाही. पण त्यानंतर कुणी मधे 'हे कसं शक्य आहे' असं विचारलं नाही. चंद्राच्या वेळी सारख्या विचारत होत्या.

१३ मे

पुस्तकाची चाल बैलगाडीसारखी आहे. मऊ. नानासो खूश, दाणे अख्खे.

एक रीत फार चांगली लिहिलीय. तिथं बाहेरून कुणी आलं की तिथली माणसं त्याला रोज विचारतात — "राहतोस का?" रोज. त्यानं 'हो' म्हटल्याशिवाय त्याला काम सांगत नाहीत, आणि 'नाही' म्हटलं तरी पाणी तोडत नाहीत. ती बाई रोज म्हणते, आज सांगत नाही.

हे वाचलं तेव्हा अंजनाचा हात थांबला होता.

१५ मे

अंजनाचा सासरा आला. आकाराम नाव. उंच, वाळलेला, मुंडासं मात्र स्वच्छ. मृगाच्या आत सून न्यायची म्हणतो. पेरणीला हात नाहीत आणि म्हातारी एकटी पाणी भरतेय. लालासाहेब तयारच बसलाय. लेक दिली ती दिली, म्हणतो. त्याला गल्लीत मान खाली घालायची नाही. डॉक्टरांचं त्याला मी सांगायला गेले तर म्हणाला, "आक्का, तुमी पुस्तकं वाचा."

उद्या सकाळच्या गाडीनं जायचं ठरलं. अंजना दुपारी येऊन बसली आणि म्हणाली, आज लांब वाचा.

१६ मे

गेली नाही! काय झालं ते लिहिते.

सकाळी पोरगी बोचकं घेऊन निघाली तेव्हा धोंडुबाई वाटेत उभी राहिली. आकारामला म्हणाली, "पाव्हणं, आक्काच्या सोप्यात पोथी लावलीया. ऐकनारनीनं समाप्ती झाल्याबिगर येस वलांडू न्हाई. दोष लागतोय." आकाराम देवाधर्माचा माणूस. त्यानं विचारलं, कंची पोथी? धोंडुबाई म्हणाली, "मोटी हाय."

ते दोघं माझ्याकडं आले. पुस्तक खांबाजवळच्या पाटावर होतं. धोंडुबाई पहिल्या दिवसापासून येता-जाता त्याला हळद-कुंकू लावते. मी दोनदा सांगितलं, वाचनालयाचं आहे बाई. ती म्हणते, मग काय झालं, सरस्वती हाय. आकारामनं पायातलं पायताण काढलं, पुस्तकाला हात जोडले आणि विचारलं, समाप्ती कवा?

मी खोटं बोलले नाही. म्हणाले, अजून निम्मं राहिलंय.

थांबतो म्हणाला.

१७ मे

पाहुणा दिवसभर लालासाहेबाच्या घरी काय करणार? आज सोप्याच्या कडेला, भिंतीकडं तोंड करून बसला. बायकांत बसायचं म्हणून. ऐकत होता.

दोन सूर्यांच्या मुलखात पाणी संध्याकाळी मापानं वाटतात, असं आज आलं. भिंतीकडून आवाज आला — "चुकलं."

मी थांबले. आकाराम म्हणाला, पाणी सकाळी वाटत्यात, उजाडायच्या आत. संध्याकाळचं पाणी तापल्यालं असतंय, त्येनं तहान भागत न्हाई. बाकी समदं बरोबर हाय. मग म्हणाला, "लिव्हनारा आमच्या अंगाचा हाय का वं?"

मी म्हणाले, मुंबईचा आहे. त्याला पटलं नाही.

१८ मे

आकाराम शेंगा फोडायला लागला. रिकामा हात बरा दिसत नाही म्हणाला. ज्वारी-बाजरीचा माणूस, अंगठ्यात फार जोर. दहातले सहा दाणे फुटतात. नानासोला सांगितलं, त्याची पाटी वेगळी ठेव, चटणीला होतील.

२० मे

हळू वाचते. काही पानं दोनदा वाचली. कुणी तक्रार केली नाही. आकाराम फक्त म्हणाला, ह्ये ऐकल्यालं हाय. मी म्हणाले, पोथीत पालुपद असतं. मान हलवली त्यानं. या वयात मी हे शिकले!

कादंबरीबद्दल — यान मोडण्याचं प्रकरण फार लांबवलंय. खिळे, पट्ट्या, पंखे. लेखकाला यंत्राचा लळा आहे. मोटारी दुरुस्त करणाऱ्याला जसा असतो. बाईच्या मनात काय चाललंय ते चार ओळींत उरकतो आणि चाकावर दोन पानं. पण त्या चार ओळी चांगल्या आहेत.

२२ मे

आज पुढचं सगळं वाचून काढलं. एकटीनं, सकाळी, माणसं रानात गेल्यावर. नको होतं वाचायला.

शेवटी पृथ्वीवरून दुसरं यान येतं. त्यात तिचा बाप. तो म्हणतो, चल, बस. आणि ती बसत नाही. त्या बिनपाण्याच्या मुलखातच राहते. कायमची.

आता हे सोप्यात कसं वाचू? आकाराम समोर. लालासाहेबही शेवटाला येणार म्हणतो, समाप्तीचा नारळ त्यानंच आणलाय. सगळ्यांनी मिळून या पुस्तकाला पोथी केलंय, आणि पोथीत जे सांगितलं ते वागायचं असतं. तिथली तिथंच राहिली, म्हणजे दिल्या घरी राहावं — असंच घेणार सगळे. पोरीला घालवायला आम्हीच वाट करून दिली म्हणायची.

लेखकाला काय, त्याला परतीच्या प्रवासाची दोन पानं वाचवायची होती.

२३ मे

आकारामला ताक दिलं. म्हातारीची आठवण काढत होता. "एकली वढत आसंल पानी," म्हणाला. वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

२४ मे

उद्या समाप्ती. आता लांबवायला जागा नाही. नानासोनं पण सांगितलं, दोन पाट्याच राहिल्यात.

अंजना भांडी घासायला म्हणून मागच्या दारी आली. मी तिला सांगून टाकलं. शेवटी ती तिकडंच राहते, म्हणाले. आणि म्हणाले, मी बदलून वाचीन. यानात बसवीन तिला. कुणाला काय कळतंय, सोप्यात वाचता येणारी मी एकटी.

पोरीनं राखेचा हात धुतला. म्हणाली, "नगा, आक्का. हाय ते वाचा. तुमी बसवली तर ती तुमी बसवल्याली हुईल."

मी म्हणाले, अगं, तुला जावं लागेल. ती म्हणाली, "जाईन तर जाईन. पन माज्यासाटनं खोटी पोथी नगं."

मला राग आला. बराच वेळ राग होता. मग गेला.

२५ मे

समाप्ती झाली. गल्ली लोटली होती. लालासाहेब नारळ घेऊन पुढंच बसलेला. आकाराम आज भिंतीकडं पाठ करून, पुस्तकाकडं तोंड करून.

आहे तसं वाचलं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. यान आलं, बाप उतरला. तो म्हणाला चल, बस. तिथल्या माणसांनी त्याही दिवशी, रोजच्यासारखं, तिला विचारलं — राहतेस का? आणि ती पहिल्यांदा हो म्हणाली. संपलं.

लालासाहेबानं नारळ उचलला आणि म्हणाला, बघा, पोथीनं सांगितलं. बाईनं दिल्या मुलखात ऱ्हावं. अंजना, उट, बोचकं बांद.

मी डोळे मिटून घेतले.

तेव्हा आकाराम म्हणाला, थांबा जरा. मला म्हणाला, आक्का, ते बापाचं परत वाचा. मी वाचलं. चल, बस. मग म्हणाला, आता तितल्या मानसांचं वाचा. मी वाचलं. राहतेस का?

त्यानं हातातली शेंग पाटीत ठेवली. मग सुनेकडं वळला. सासरा सुनेशी चार माणसांत सरळ बोलत नाही आमच्याकडं, पण बोलला.

"अंजना, तू येतीस का?"

लालासाहेब म्हणाला, तिला काय इचारताय. आकारामनं हात वर केला. पोरीच्या तोंडाकडं मी बघितलं नाही. हाताकडं बघितलं. हात शेंगांच्या पाटीत होता आणि हलत नव्हता.

"न्हाई, मामंजी," म्हणाली. "ह्ये रजेवर आलं की हितं येऊ द्या. मी तिकडं येत न्हाई. पानी न्हाई तितं मी पुन्यांदा पोट वाडवनार न्हाई."

आकाराम म्हणाला, "बरं."

लालासाहेब उठला. शरमेनं तोंड लाल. म्हणाला, पाव्हणं, पोरीचं काय ऐकताय, पोरगी हाय. आकाराम म्हणाला, "लालासाहेब, इचारल्यावर उत्तार ऐकाय लागतंय. न्हाईतर इचारू न्हाई." मग नारळ त्याच्या हातातून घेतला, स्वतःच फोडला, आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. अंजनाला सुद्धा.

दुपारच्या गाडीनं गेला. जाताना पुस्तकाला हात जोडले.

२६ मे

लालासाहेब लेकीशी बोलत नाही. पोरगी माझ्याकडं जेवली. भाकरी एकच खाल्ली. रडली नाही. मी म्हणाले रड बाई, बरं वाटेल. म्हणाली, रडायला येत न्हाई, हलकं वाटतंय, म्हनून भ्या वाटतंय.

सिद्धूला कार्ड टाकलंय तिनं. माझ्याकडून लिहून घेतलं नाही. अक्षरं विचारून विचारून स्वतः लिहिलं.

२८ मे

दोन सूर्यांच्या कादंबरीवर माझं मत लिहून ठेवते, डोकं शांत आहे तोवर.

शेवट मला अजून पटत नाही. पाणी नाही, सावली नाही, झाड नाही, आणि बाई राहते. का? लेखक म्हणतो, तिला तिथं माणूस म्हणून मोजलं. मोजून घ्यायला एवढं ऊन सोसायचं? मी असते तर यानात बसले असते आणि बापाला पृथ्वीवर पोचल्यावर चार शब्द सुनावले असते. पण मी नव्हते. आणि तिला विचारलं होतं, हे खरं.

यंत्राची प्रकरणं कमी केली असती तर पुस्तक सवाई झालं असतं. पाणी वाटायची वेळ चुकलीय. बाकी चांगलं आहे. शेंगांना उत्तम.

कुंकवाचा डाग निघत नाही. नानासो वाचनालयातल्या बाईंना काय सांगणार आहे, त्यालाच ठाऊक.

३१ मे

नवीन पुस्तक आलं. घड्याळ मागं फिरवून माणूस शंभर वर्षं मागं जातो. धोंडुबाई म्हणाली, त्याला घड्याळ कशाला पायजे, लालासाहेबाच्या घरात जा म्हनावं.

अंजना हसली. जरा मोठ्यानंच.

२ जून

गल्लीत दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, म्हातारीनं पोरीचं घर मोडलं — म्हातारी म्हणजे मी. दुसरा पक्ष म्हणजे धोंडुबाई. ती एकटी असली तरी पुरते.

मनात येतं, चूक तर झाली नाही? तिकडं ती सासू आता एकटीच पाणी ओढणार. तिचं नाव साळूबाई, एवढंच मला ठाऊक. एकीच्या डोक्यावरची घागर उतरवली, ती हवेत थोडीच राहते. कुणाच्या तरी डोक्यावर गेली.

४ जून

दुपारच्या गाडीनं साळूबाई आली. एकटी, काखेत बोचकं. अंजनानं तांब्या दिला, तो तिनं उभ्यानंच संपवला. मग आमच्या दोघींकडं बघून म्हणाली, "हिला इचारलं म्हनं. आता मला इचारा."